मुका एल

फेब्रुवारीतला शुक्रवार. शाळेच्या व्यायामशाळेत
बास्केटबॉलच्या रिंगखाली तेरा खुर्च्या,
बाहेर निम्म्या खिडकीपर्यंत चढलेला बर्फ,
आत ओल्या लोकरी मोज्यांचा वास.
माझ्या गळ्यात दोऱ्याने अडकवलेला पुठ्ठा: नऊ.

'वेन्सडे'त दोघं पडले, 'लायब्ररी'त एक.
डोरोथी पॅस्को दर अक्षराला टाचा उचलायची,
जणू अक्षरं वरच्या फळीवर ठेवली होती.

आमच्याकडे स्पेलिंग ही भानगडच नव्हती.
फिनिशमध्ये कानाला लागतं तेच कागदावर येतं.
माझ्या नावातले दोन्ही टी बाबा वाजवून म्हणत: केर्त्तू.
मिस ट्रेवॅरो एकावर भागवायच्या.
आजोबा म्हणत, या इंग्रजीवाल्यांचं काही कळत नाही,
दहा पानं मांडतात आणि जेवायला सातच बसतात.

माझी पाळी. मिस ट्रेवॅरोंनी चष्मा सावरला.
'सॉडर.'

मला हसूच फुटलं.
हा तर आमच्या घरचा शब्द!
आमच्या गॅरेजात राहणारा,
तारेच्या वेटोळ्यात, राळेच्या धुरात,
बाबांच्या डाव्या बाहीवरच्या भोकांत.
गळक्या रेडिएटरांना, दुधाच्या कॅनना,
एकदा तर पाद्रीसाहेबांच्या कॉफीच्या किटलीला
बाबा डाख द्यायचे तो हाच.

'अर्थ हवा?'
मी मानेनेच नको म्हटलं.
अर्थ मीच त्यांना सांगितला असता:
थेंब आधी थरथरतो, मग चकाकतो,
मग हात न हलवता थांबायचं असतं.

एस, ओ, डी, डी, ई, आर.
कुठेही न अडखळता.

टिंग.

आणि त्या टिंगवर शेवटच्या रांगेतून टाळ्या.
एकाच माणसाच्या. राकट, चार-पाच,
सगळ्या व्यायामशाळेत घुमलेल्या.
बाबांना वाटलं, घंटा बरोबर उत्तराची असते.

शेजारच्या बाई त्यांच्या कानाशी वाकल्या.
बाबांनी हात मांडीवर ठेवले,
हत्यारं पुसून ठेवतात तसे, शेजारी शेजारी.

ट्रकचा हीटर बंद होता.
बंद पडलेल्या तांब्याच्या खाणीपर्यंत कुणी बोललं नाही.
'काय चुकलं?'
'एल. मध्ये एक एल आहे.'
'कुठे?'
'आहे. ऐकू येत नाही.'
त्यांनी गिअर बदलला.
'अठ्ठावीस वर्षं,' ते म्हणाले,
'एकदाही भेटला नाही मला.'

डोरोथी पुढे जिल्ह्याला गेली,
तिथे तिला कसल्याशा फुलाने पाडलं.
मी डुलुथच्या वर्तमानपत्रात तिसेक वर्षं मुद्रितं तपासली.
माझ्या हातून फार थोडं निसटलं,
असं म्हणतात.

बाबा गेले त्या वर्षी गॅरेज आवरायला घेतलं.
फळीवर कॉफीचे रिकामे डबे, ओळीने,
प्रत्येकावर सुताराच्या जाड पेन्सिलीने
त्यांची उभी, मोठी अक्षरं.
खिळे. वॉशर. एकावर नुसतंच: कोण जाणे.

आणि कोपऱ्यातल्या डब्यावर
एस, ओ, डी, ई, आर.
पुसट, माझ्या जन्माआधीचं असेल.
फक्त डी आणि ई यांच्या मध्ये
नंतर कधीतरी, निळ्या बॉलपेनने,
खाली काकपद काढून, वर
घुसवलेला एक एल.

एका घराने चुकलेला.

पर्समध्ये माझं पेन होतं. असतंच.
मी डबा कानाशी नेऊन हलवला.
आत हातभर तार उरली असावी.
वाजली.